आधी पूर, मग पाऊस?

राधानगरीच्या एका माध्यमिक शाळेतील विज्ञानशिक्षकांनी मागच्या पावसाळ्यात आमच्यापुढे एक आलेख ठेवला. आलेख विद्यार्थ्यांनी काढलेला होता. खाली तारखा, त्यांवर रोजच्या पावसाचे निळे स्तंभ आणि वरून जाणारी पंचगंगेच्या पातळीची तांबडी रेघ. पाऊस शाळेच्या आवारातल्या पर्जन्यमापकाचा, तर नदीची पातळी कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावरची. ही पातळी पावसाळ्यात वर्तमानपत्रांतून वेळेसकट छापून येते आणि ती कात्रणे मुलांनी जपून ठेवली होती. आलेख नीटनेटका होता. फक्त त्यात नदी आधी चढत होती आणि पाऊस तिच्यामागून पडत होता!

राधानगरीत हा प्रश्न केवळ वहीतला राहत नाही. छत्रपती शाहू महाराजांनी १९०८ साली हे गाव वसवले आणि पुढच्याच वर्षी भोगावती नदीवरच्या धरणाचे काम सुरू केले. मध्ये खंड पडून ते पूर्ण व्हायला १९५० चे दशक उजाडले. सुमारे ८.३६ टीएमसी क्षमतेच्या या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठराविक पातळीच्या वर गेले, की ते आपोआप उघडतात आणि एकेका दरवाजातून सुमारे १४०० क्युसेक पाणी भोगावतीत उतरते. पुढे भोगावती, कासारी, कुंभी, तुळशी यांचे पाणी एकत्र येऊन पंचगंगा होते. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी, ४३ फुटांना धोका पातळी. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर ज्यांनी पाहिले, त्यांना हे दोन आकडे तोंडपाठ आहेत. तेव्हा राधानगरीत किती पाऊस झाला म्हणजे किती तासांनी कोल्हापुरात पाणी चढते, हा प्रश्न तिथल्या मुलांना स्वाभाविकपणेच पडला होता. आलेखातून मात्र उलटेच उत्तर आले.

शिक्षकांचा पहिला तर्क चांगला होता. पंचगंगेत केवळ भोगावतीचे पाणी येत नाही. कासारी-कुंभीच्या खोऱ्यात आधी पाऊस पडला असेल, तर राधानगरीच्या पावसाआधीच नदी चढलेली दिसेल. पण तसे एखाद्या वेळी होईल. इथे नोंदवहीतल्या जवळपास प्रत्येक मोठ्या सरीच्या वेळी नदीने एका दिवसाची आघाडी घेतली होती. निसर्ग इतक्या नेमाने एकच चूक करत नाही. चूक नेमाने होते, तेव्हा ती बहुधा आपल्या नोंदीत असते.

नोंदवही अकरा वर्षांची होती. तारीख, पाऊस मिलिमीटरमध्ये आणि शेरा असे तीनच रकाने. मुलांनी ती संगणकावर उतरवून घेतली होती. आम्ही दोन दिवस त्यांच्याबरोबर बसलो आणि त्या एका तारखेच्या रकान्यातून एकामागून एक नवे रकाने काढत गेलो. व्याकरणात मूळ शब्दाला प्रत्यय लावून साधित शब्द तयार करतात, तसे हे साधित रकाने. एक्सेल, लिब्रेऑफिस कॅल्क, पॉवर क्वेरी, ओपनरिफाइन अशा कोणत्याही साधनात हे करता येते. साधनापेक्षा तारीख म्हणजे काय हे कळणे अधिक महत्त्वाचे, म्हणून लेखाचा मोठा भाग त्यावरच खर्च करणार आहोत.

संगणकाच्या दृष्टीने तारीख ही एक साधी पूर्णसंख्या असते. एका ठरलेल्या दिवसापासून किती दिवस उलटले, याची ती मोजणी. एक्सेलमध्ये १ जानेवारी १९०० या दिवसाला १ हा क्रमांक दिला आहे. त्या हिशेबाने ५ ऑगस्ट २०१९ म्हणजे ४३६८२ आणि १ जून २०२४ म्हणजे ४५४४४. पडद्यावर दिसणारे '१ जून २०२४' हे त्या संख्येवर चढवलेले कपडे आहेत. आपल्याला सवयीच्या वाटणाऱ्या दिवस-महिना-वर्ष या लिखाणात ३० दिवसांचे महिने, ३१ दिवसांचे महिने, लीप वर्षे अशा नाना अडचणी आहेत. संख्येत त्यांतली एकही उरत नाही. दोन तारखांमधले अंतर म्हणजे वजाबाकी. आठवड्याचा वार म्हणजे ७ ने भागल्यावर उरणारी बाकी. ४५४४४ ला ७ ने भागा. बाकी शून्य येते आणि १ जून २०२४ ला शनिवार होता. ४३६८२ ला भागल्यावर बाकी २ उरते. शनिवारला शून्य, तर रविवारला १, सोमवारला २. ५ ऑगस्ट २०१९ रोजी सोमवारच होता. ही पडताळणी फळ्यावर करायला पाच मिनिटे पुरतात आणि मुलांना ती फार आवडते.

या मोजणीत एक जुनी गंमत दडली आहे. शतकपूर्तीचे वर्ष ४०० ने भागले जात नसेल, तर ते लीप वर्ष नसते. म्हणून १९०० हे लीप वर्ष नव्हते, २००० होते. लोटस वन-टू-थ्री या जुन्या आज्ञावलीत मात्र १९०० ला लीप वर्ष धरले होते, आणि तिच्या फायली चालाव्यात म्हणून एक्सेलने ती चूक जाणूनबुजून तशीच ठेवली. त्यामुळे एक्सेलमध्ये ६० हा क्रमांक २९ फेब्रुवारी १९०० या कधीच न उगवलेल्या दिवसाला मिळाला आहे. लिब्रेऑफिसने आपली मोजणी एक दिवस आधीपासून सुरू करून १ मार्च १९०० पासून पुढे दोघांचे जुळवून घेतले. आपल्या कामात याने बाधा येत नाही. पण माणसाने एकदा केलेली चूक सोयीसाठी कशी पिढ्यान्पिढ्या चालू राहते, याचे हे उदाहरण वर्गात सांगण्याजोगे आहे.

आता नोंदवहीकडे वळू. मुलांनी तारखा आपल्या पद्धतीने, आधी दिवस मग महिना अशा टंकल्या होत्या. ५/७/२०१८ म्हणजे ५ जुलै. परंतु ज्या संगणकावर त्या टंकल्या, त्याची मांडणी अमेरिकी पद्धतीची होती. तिथे आधी महिना आणि मग दिवस. संगणकाने ५/७ ला ७ मे समजून घेतले आणि तक्रार केली नाही. १८/७ आले तेव्हा अठरावा महिना नसल्याने त्याने त्या मजकुराला तारीख मानलेच नाही, नुसती अक्षरे म्हणून ठेवून दिले. तेव्हाही तक्रार नाही. संगणकाचा हा मुका समजूतदारपणाच घात करतो.

जून ते सप्टेंबरचे १२२ दिवस घ्या. प्रत्येक महिन्याचे पहिले बारा दिवस दोन्ही तऱ्हांनी वाचता येतात, म्हणजे एकूण ४८ तारखा संदिग्ध. उरलेल्या ७४ नुसती अक्षरे होऊन बसतात आणि त्या लगेच ओळखू येतात, कारण त्यांची बेरीज-वजाबाकी होत नाही. ४८ पैकी ६/६, ७/७, ८/८ आणि ९/९ या चार उलट वाचल्या तरी त्याच राहतात. १ ते ५ आणि १० ते १२ या आठ दिवसांच्या मिळून ३२ तारखा पावसाळ्याबाहेर, जानेवारी ते मे किंवा ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत जाऊन पडतात. राधानगरीत जानेवारीत जुलैइतका पाऊस दिसला, की कोणीही चपापेल. आम्हीही त्यामुळेच सावध झालो. पण उरलेल्या १२ तारखांचे काय? ६/७ ही ६ जुलैची नोंद ७ जूनला जाते, ८/९ ही ८ सप्टेंबरची ९ ऑगस्टला. त्या पावसाळ्यातच राहतात आणि कोणाच्याही डोळ्यांत भरत नाहीत. दरवर्षी बारा म्हणजे अकरा वर्षांत १३२ नोंदी चुकीच्या जागी, आणि एकूण बेरजेत एका मिलिमीटरचाही फरक नाही!

या बारा चोरांना पकडणारा एक साधा साधित रकाना आहे. या ओळीची तारीख वजा वरच्या ओळीची तारीख. नोंदवही रोजची असेल, तर या रकान्यात वरपासून खालपर्यंत १ च यायला हवा. मात्र तक्ता तारखेप्रमाणे लावून घेण्याआधी, नोंदवहीच्या मूळ क्रमातच हे करावे. क्रम बदलला की चोर गर्दीत मिसळतात. आमच्या तक्त्यात हा रकाना काढताच १ च्या जागी कुठे ३०, कुठे उणे २८ असे आकडे उभे राहिले. उपायही साधा निघाला. तारीख एका खणात टंकण्याऐवजी दिवस, महिना आणि वर्ष असे तीन स्वतंत्र रकाने टंकायचे आणि 'डेट' या सूत्राने त्यांची तारीख करून घ्यायची. टंकणाऱ्याला थोडा जास्त त्रास होतो, पण अर्थ लावण्याची मोकळीक संगणकाला राहत नाही.

वर्ष चार आकडी लिहावे हे ओघाने आलेच. ज्या गावात धरणाची गोष्ट १९०९ पासून सुरू होते, तिथे जुने कागद हाती येणारच. एखाद्या कागदावर '२८' साल असेल आणि आपण तेवढेच टंकले, तर एक्सेल त्याला २०२८ समजते. नेहमीच्या मांडणीत ०० ते २९ हे आकडे २००० नंतरचे आणि ३० ते ९९ हे १९०० नंतरचे, असा त्याचा रिवाज आहे. भविष्यातला पाऊस आधीच मोजून ठेवल्याचे श्रेय आपल्याला नको असेल, तर दोन आकडे जास्त टंकलेले बरे.

तारखा जाग्यावर आल्यावर आम्ही वाराचा रकाना काढला. खरे तर तो केवळ सरावासाठी होता. पावसाला वार कळत नाही, तेव्हा सातही वारांची सरासरी साधारण सारखी यावी, एवढेच दाखवायचे होते. सोमवारची सरासरी इतर वारांच्या जवळजवळ दुप्पट आली आणि रविवारची शून्य. वर्गात क्षणभर शांतता झाली आणि मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, रविवारी शाळा बंद असत्या!" रविवारी पर्जन्यमापक पाहायला कोणी नसते. त्यात साठलेले पाणी सोमवारी एकदम मोजले जाते. नोंदवहीत रविवारी आडवी रेघ होती आणि टंकताना रेघेचे शून्य झाले होते.

रेघ आणि शून्य यांतला फरक ही विज्ञानातली मोलाची गोष्ट आहे. शून्य म्हणजे मोजले आणि पाऊस नव्हता. रेघ म्हणजे मोजलेच नाही. आपल्या हवामान खात्याच्या वर्गवारीत चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी पाऊस झाला, तर तो 'जोरदार' आणि २.५ मिमी किंवा अधिक पाऊस झाला, तर तो 'पावसाचा दिवस'. समजा, शनिवार सकाळ ते रविवार सकाळ ४५ मिमी आणि रविवार सकाळ ते सोमवार सकाळ ४५ मिमी पाऊस पडला. प्रत्यक्षात दोन्ही दिवस साधारण पावसाचे. वहीत मात्र रविवार कोरडा आणि सोमवारी ९० मिमी, म्हणजे जोरदार पाऊस. अशा नोंदीवरून 'आता कोरडे दिवस वाढले आणि मुसळधार दिवसही वाढले' असा निष्कर्ष कोणी काढला, तर तो हवामानबदलाचा नसून शाळेच्या वेळापत्रकाचा असेल. हे आम्ही जरा ठासून सांगितले, कारण असे निष्कर्ष आजकाल फार घाईने काढले जातात. गणपतीच्या सुट्टीतही हाच प्रकार होता आणि ती सुट्टी तर दरवर्षी वेगळ्या तारखांना येते.

मग आम्ही 'किती दिवसांचा पाऊस' असा आणखी एक साधित रकाना केला. या मोजणीची तारीख वजा मागच्या प्रत्यक्ष मोजणीची तारीख. एरवी १, सोमवारी २, गणपतीनंतर ५ किंवा ६. दोन दिवसांचे पाणी दोन दिवसांवर सारखे वाटून टाकावे का, यावर बरीच चर्चा झाली. आमचे मत असे, की एकूण बेरजेसाठी वाटणीची गरजच नाही आणि 'जोरदार पावसाचे दिवस' मोजताना अशा ओळी बाजूला ठेवाव्यात. वाटून टाकलेला आकडा मोजलेल्या आकड्यासारखाच दिसू लागतो आणि वर्षभरानंतर कोणता खरा मोजलेला, हे आपल्यालाही सांगता येत नाही. याच कारणासाठी मूळ तारखेचा आणि मूळ पावसाचा रकाना कधीही खोडू नये. चुकला असेल तरी तो तसाच ठेवून शेजारी दुरुस्त केलेला रकाना काढावा.

यानंतर वर्षाचा प्रश्न आला. जानेवारी ते डिसेंबर या वर्षाचा पावसाशी काही संबंध नाही. आपल्याकडे पाण्याचा हिशेब १ जून ते ३१ मे असा करतात, त्याला जलवर्ष म्हणतात. शाळेचे वर्षही जूनमध्येच सुरू होत असल्याने मुलांना ही कल्पना लगेच पटली. नियम असा. महिना ६ किंवा त्याहून मोठा असेल, तर जलवर्ष म्हणजे तेच इसवी सन, नाहीतर त्यातून एक वजा. ऑगस्ट २०२३ हा जलवर्ष २०२३ मध्ये आणि मार्च २०२४ हाही जलवर्ष २०२३ मध्येच.

एका शिक्षकांनी अधिक चतुर युक्ती सुचवली. १ जून हा वर्षाचा १५२ वा दिवस, तेव्हा प्रत्येक तारखेतून १५१ वजा करायचे. १ जूनचा १ जानेवारी होईल आणि मग सरळ वर्ष काढून घ्यायचे. युक्ती तीन वर्षे चालते, चौथ्या वर्षी फसते. लीप वर्षात ३१ मे हाच १५२ वा दिवस असतो. ३१ मे २०२४ मधून १५१ वजा केले, की १ जानेवारी २०२४ येतो आणि जुन्या जलवर्षाचा शेवटचा दिवस नव्या वर्षात जाऊन बसतो. अकरा वर्षांत दोन-तीनच ओळी चुकतील आणि म्हणूनच त्या सापडणार नाहीत.

जलवर्ष ठरले, की 'मोसमाचा कितवा दिवस' हा रकाना सहज निघतो. तारीख वजा त्या जलवर्षाचा १ जून, अधिक १. ३० जून हा ३० वा दिवस, १५ ऑगस्ट ७६ वा, ३० सप्टेंबर १२२ वा. नेहमीच्या वर्षातल्या दिवसक्रमांकात १५ ऑगस्ट कधी २२७ तर कधी २२८ येतो, इथे तो कायम ७६ च. कारण २९ फेब्रुवारी हा उपरा दिवस आता वर्षाच्या शेपटाकडे गेला. तारखांचे गणित मांडणारेही हीच क्लृप्ती वापरतात. ते वर्ष मार्चपासून धरतात. मग महिन्यांची लांबी ३१, ३०, ३१, ३०, ३१ आणि पुन्हा ३१, ३०, ३१, ३०, ३१ अशी सुबक ओळीने लागते, पाच-पाच महिन्यांची बेरीज १५३ येते आणि सगळा अनियमितपणा शेवटच्या फेब्रुवारीत जमा होतो. मार्चला शून्य, एप्रिलला एक असे क्रमांक द्या. क्रमांकाला १५३ ने गुणून २ मिळवा आणि ५ ने भागून अपूर्णांक सोडा. त्या महिन्यापूर्वी किती दिवस गेले, ते मिळते. ऑगस्टचा क्रमांक ५. त्याला १५३ ने गुणून ७६५, त्यात २ मिळवून ७६७, भागाकार १५३. मार्च ते जुलै मोजून पाहा.

पावसापासून वर्ष मोजण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही, हेही इथे सांगायला हवे. मराठेशाहीच्या कागदपत्रांत जो शुहूर सन आढळतो, त्याला मृगसाल असेही म्हणत, कारण सूर्य मृग नक्षत्रात शिरला की तो सन बदले. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले, की इसवी सन मिळतो. दोन आकडे का, याचे उत्तर आता वाचकांना देता येईल. वर्ष जूनमध्ये बदलते, म्हणून मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. हेच आपले 'महिना ६ किंवा मोठा असेल तर' हे सूत्र.

मृगाचे नाव निघाल्यावर गावातली एक तक्रार पुढे आली. "पूर्वी मृगात पाऊस धरायचा, आता तरण्याशिवाय लावणीला पाणी होत नाही." हे खरे का, हे तपासण्यासाठी नक्षत्राचा रकाना हवा. मृग ७ किंवा ८ जूनला निघतो, आर्द्रा २१-२२ जूनला, तरणा म्हणजे पुनर्वसू ५-६ जुलैच्या सुमारास, म्हातारा म्हणजे पुष्य १९-२० जुलैला. सत्तावीस नक्षत्रांत वर्ष वाटले, की एकेकाच्या वाट्याला साडेतेरा दिवस येतात, म्हणून तारखा एखाद्या दिवसाने मागेपुढे होतात. इथे सूत्र न लिहिता अकरा वर्षांच्या पंचांगांतून आरंभीच्या तारखांची वेगळी यादी केली आणि प्रत्येक नोंदीसाठी 'यादीतली, या तारखेच्या आधीची शेवटची तारीख कोणती' असे संगणकाला शोधायला लावले. तक्ता तयार झाला. अकरा वर्षांवरून आजोबांच्या काळाविषयी बोलता येत नाही, त्यामुळे निकाल आम्ही जाहीर केला नाही. शिवाय नक्षत्राचे वर्ष आपल्या कॅलेंडरच्या वर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी मोठे आहे. दर ७२ वर्षांनी मृग एक दिवस पुढे सरकतो. शंभर वर्षांची तुलना करायची झाली, तर एवढे ध्यानात ठेवावे लागेल.

आता पहिल्या आलेखाकडे. पर्जन्यमापक रोज सकाळी साडेआठला पाहतात. देशभर हीच वेळ आहे, कारण ती ग्रिनिच वेळेच्या पहाटे ३ शी जुळते आणि जगभरच्या वेधशाळा अशा ठरलेल्या वेळांना एकदम निरीक्षण घेतात. २५ जुलैला सकाळी साडेआठला मोजलेले पाणी २४ च्या सकाळी साडेआठपासूनचे असते, आणि प्रथेप्रमाणे ते २५ तारखेसमोर लिहितात. त्या चोवीस तासांतले साडेपंधरा तास २४ तारखेचे, साडेआठ तास २५ चे. मुंबईचा प्रलय सगळे २६ जुलै २००५ चा म्हणून ओळखतात, पण सांताक्रूझची ९४४ मिमीची नोंद २७ जुलैच्या सकाळची आहे. मुलांच्या आलेखात २४ च्या दुपारी कोसळलेला पाऊस २५ वर उभा होता, तर २४ च्या रात्री चढलेली नदी २४ वरच होती. पाण्याने क्रम सोडला नव्हता. तो आमच्या अक्षावर बिघडला होता.

तारखेतून सरसकट १ वजा करून पाहिले. आलेख पुष्कळ सुधारला, पण तेही पूर्ण खरे नव्हे, कारण पहाटेचा पाऊस आता एक दिवस लवकर जातो. तारीख ही संख्या आहे, तर वेळ हा तिचा अपूर्णांक. साडेआठ म्हणजे ८.५ भागिले २४, सुमारे ०.३५४. मग दोन साधित रकाने काढले. 'पासून' म्हणजे मागच्या प्रत्यक्ष मोजणीची तारीख अधिक ०.३५४ आणि 'पर्यंत' म्हणजे या मोजणीची तारीख अधिक ०.३५४. सोमवारची ओळ आपोआप अठ्ठेचाळीस तासांची होते आणि गणपतीनंतरची तिच्या खऱ्या लांबीची. आता पाऊस हा दिवसावरचा ठिपका न राहता कालावधीवर पसरलेला पट्टा झाला. त्या पट्ट्यांवर नदीची रेघ तिच्या तास-मिनिटांसह ठेवली, तेव्हा प्रत्येक वेळी पट्टा आधी सुरू झालेला आणि रेघ त्यानंतर वर वळलेली दिसली. किती तासांनी, हे चोवीस तासांच्या पट्ट्यावरून नेमके सांगता येणार नाही. त्यासाठी तासातासाला नोंद करणारा पर्जन्यमापक हवा आणि धरणाचे दरवाजे कधी उघडले, त्या वेळाही. दरवाज्यांच्या वेळा कात्रणांत मिळतात. मुलांनी त्या काढायला घेतल्या आहेत.

निघताना एका मुलाने विचारले, "पण सर, आम्ही साडेआठला कुठं मोजतो?" चौकशी केली, तेव्हा कळले की मोठ्या पावसात वाड्यावस्त्यांवरून येणाऱ्या मुलांना उशीर होतो आणि मोजणी कधी नऊला, कधी दहालाही होते. म्हणजे नेमका जास्त पावसाच्या दिवशीच ०.३५४ चुकीचा. जुन्या अकरा वर्षांना त्यावर इलाज नाही. नव्या नोंदवहीत मात्र तारखेशेजारी चौथा रकाना आखला आहे. मोजणीची वेळ, घड्याळात पाहून.